छापलेली पानं गेली कुठे?

देवपुरातल्या शिक्षक कॉलनीत बिऱ्हाडे बाईंना ओळखत नाही असं एकही घर नव्हतं. दिपमाला पितांबर बिऱ्हाडे, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तेहतीस वर्षं मराठी शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या. भाजीवाल्याच्या पाटीवर 'शेपु' लिहिलेलं दिसलं तर खडू मागून तो उकार दीर्घ करून येणाऱ्या. अशा बाईंनी गेले पाच महिने दुपारी दार लोटून घेऊन अहिराणीत नाटक लिहिलं होतं, आणि ते कोणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. पितांबररावांची समजूत अशी की बाई लॅपटॉपवर लोणच्यांच्या कृती उतरून काढताहेत.

लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं कोणी विचारलं असतं तर बाईंना सांगता आलं नसतं. नाटक साधंच होतं. सुपडाबाई नावाची एक म्हातारी लेकीकडे जायला बसमध्ये चढते, तिच्या काखेत एक कोंबडी असते, आणि नवा कंडक्टर त्या कोंबडीचं तिकीट काढायला लावतो, एवढीच गोष्ट. पण सुपडाबाई बोलायला लागली की बाईंना थांबवत नसे. आपल्या आईची, रुक्माबाईंची, सगळी बोलणी तिच्या तोंडून बाहेर पडत होती. लिहिता लिहिता त्या एकट्याच हसायच्या आणि मग बाहेर कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघायच्या.

जळगावच्या एका नाट्यमंडळाने स्पर्धेसाठी अहिराणी एकांकिका मागवल्या होत्या. दोन छापील प्रती, शनिवारपर्यंत पोचतील अशा बेताने. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं म्हणजे तो बाईंचाच विद्यार्थी, आणि छापता छापता हातातला कागद मोठ्याने वाचायची त्याची खोड शाळेपासूनची. तेव्हा बाईंनी जळगावला बँकेत असलेल्या मुलीला, मृणालीला, फोन करून 'लोणच्यांच्या कृती छापायच्यात' असं सांगितलं. मृणाली रविवारी आली, वायरलेस प्रिंटर ठेवला, आईच्या हातची शेवभाजी खाल्ली आणि खोका फोडायच्या आतच तिची परतीची बस लागली.

लॅपटॉप होता मृणालीच्या कॉलेजातला, अकरा वर्षांचा. बिजागरी सैल झाल्यामुळे पडदा मागे कलंडायचा, म्हणून बाई त्याला पाठीमागून मसाल्याच्या डब्याचा टेकू देत. सीडीचा खण केव्हाच उघडेनासा झाला होता. बुधवारी सकाळी चहा झाल्यावर पितांबरराव बाह्या सरसावून पुढे आले.

"अगं, मी पाणीपुरवठ्यात पस्तीस वर्षं पंप चालवले. एवढंसं यंत्र ते काय!"

"हे पंप नव्हे. हळू घ्या."

फोनवर मृणाली होती. ती बँकेत काउंटरवर बसून हळू आवाजात सांगत होती. "आई, आधी लॅपटॉपचं वायफाय चालू कर."

"चालूच होत नाही ग. फुली दिसतेय."

"पुढच्या कडेला एक बारीक खिट्टी आहे बघ. डावीकडे."

बाईंनी चष्मा वर करून, बोटाने चाचपून ती खिट्टी शोधली. अकरा वर्षांची धूळ बसून ती कडेच्या रंगाचीच झाली होती. नखाने सरकवली, आणि निळा दिवा लागला. पितांबररावांनी टाळी वाजवली.

घरात नेट म्हणजे पितांबररावांच्या फोनचं. त्यावरून प्रिंटरचं सॉफ्टवेअर उतरवायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात बाईंनी कणीक मळली, पितांबररावांनी खोक्यातले थर्माकोलचे तुकडे मोजले आणि प्रिंटरच्या ट्रेमध्ये गच्च कागद भरले. मग मृणालीचा पुन्हा फोन आला.

"आता पप्पांच्या फोनचं वायफाय सोड. प्रिंटरचं स्वतःचं वायफाय असतं, त्याला लॅपटॉप जोडायचा. यादीत 'डायरेक्ट'ने सुरू होणारं नाव दिसेल. पासवर्ड पुस्तकात दिलाय, एक ते आठ आकडे ओळीने."

"दोन दिसताहेत ग डायरेक्टवाली."

"दोन? बरं, ज्याच्या रेघा पूर्ण असतील ते घे. जवळचं तेच असणार. आई, माझ्यासमोर रांग लागलीय, ठेवते."

बाईंनी पूर्ण रेघांचं नाव निवडलं. आकडे घातले. 'जोडले गेले' असं पडद्यावर आलं, आणि त्या क्षणी त्यांना पहिल्या पगाराच्या दिवशी झाला होता तसा आनंद झाला. नवऱ्याला त्यांनी दुधाची पिशवी आणायला पिटाळलं आणि नाटकाची फाइल उघडून 'छापा' वर टिचकी मारली.

प्रिंटर गप्प.

पडद्यावर मात्र पान एक छापले, पान दोन छापले, असं येत राहिलं. बाई प्रिंटरच्या तोंडाशी हात धरून उभ्या. त्यांनी त्याचं झाकण उघडून आत पाहिलं, मागून पाहिलं. काही नाही. पान नऊ छापले. आणि मग एक पिवळी पट्टी आली, 'प्रिंटरमधील कागद संपला आहे.'

दूध घेऊन आलेल्या पितांबररावांनी ती पट्टी वाचली आणि ट्रेकडे पाहिलं. कागद काठोकाठ. "हा खोटं बोलतोय," ते म्हणाले आणि ट्रेमध्ये आणखी दहा कागद कोंबले. पट्टी हलली नाही. त्यांनी प्रिंटर बंद करून चालू केला, पंपाला मारायचे तशी एक थाप मारली, शेवटी लॅपटॉप मिटून ठेवला. "तापला असेल. उद्या बघू."

बाईंना चैन पडेना. नऊ पानं छापली म्हणतो, मग ती गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर भाजी घ्यायला त्या बाहेर आल्या. गाडीपाशी भिकुबाई उभ्या होत्या. त्या शेजारच्या चौधरींकडे पोळ्या करायला येत. गाडीवाला झुलाल त्यांच्याकडे पिशवीचे वेगळे दोन रुपये मागत होता. भिकुबाईंनी कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कोंबडीनं तिकीट फाडं ना भाऊ? मंग तिले सीट दे!"

झुलालला काही कळलं नाही, पण भिकुबाई स्वतःच खो खो हसत सुटल्या. बाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. ते वाक्य त्यांचं होतं. पान चार, सुपडाबाईचं वाक्य. अवघ्या जगात ते फक्त त्यांच्या लॅपटॉपमध्ये होतं.

"भिकुबाई, हे... हे कुठे ऐकलंत?"

"आमच्या रतिलाल नानांकडे. त्यांच्या किरणनं नाटक लिहिलंय, बाई! काल नानांनी मला आणि वरच्या देसले काकूंना वाचून दाखवलं. पोळी करपली माझी हसता हसता. काय डोकं म्हणायचं पोरीचं!"

बाईंनी मेथी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पैसे न देताच चालू लागल्या. झुलालने हाक मारल्यावर परत आल्या. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, माझं नाटक, आणि म्हणे किरणनं लिहिलं. आणि त्याच्याच आत, कुठेतरी खोल, एक हसू फुटत होतं. पोळी करपली म्हणे!

रतिलाल चौधरी म्हणजे बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा. बिऱ्हाड्यांच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. सून किरण घरी शिकवण्या घ्यायची. मुलगा भूषण नाशिकला नोकरीला. बाई गेल्या तेव्हा नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि मांडीवर कागद होते.

"या बाई, या. बरं झालं आलात. तुम्ही मराठीच्या, तुम्हांला दाखवायचंच होतं. आमच्या सुनेनं बघा काय लिहिलंय!"

"किरणनं?"

"हो तर. ती गेलीय माहेरी, एरंडोलला, आज येईल. काल दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो, तर आतलं मशीन आपोआप घरघरायला लागलं. जाऊन बघतो तर एकेक पान बाहेर! हल्ली तिकडून बटण दाबलं की इकडे छापतं म्हणे. फोनवर मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरीला मला चकित करायचं असेल. ऐका तर खरं."

बाईंना खरं तर तिथेच सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण नानांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली, आणि बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

नाना वाचत नव्हते, करत होते. कंडक्टरची वाक्यं आली की उभे राहायचे, खांद्यावर नसलेली पिशवी सावरायचे, चिमटा टकटक वाजवल्यासारखी बोटं करायचे. सुपडाबाई आली की आवाज बारीक न करता नुसती मान तिरपी करायचे. बाईंना वाटलं होतं तिथे ते हसत होतेच, पण त्यांना वाटलंही नव्हतं अशा जागी ते थांबत होते. सुपडाबाई म्हणते, लेक घरी नसली तर मी कोंबडीशीच बोलस, ती उलटं बोलत नही. त्या वाक्याशी नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि मगच पुढे गेले. पाच महिने ही म्हातारी त्यांच्या एकटीच्या डोक्यात होती. आज ती ओट्यावर, उन्हात, दुसऱ्या माणसाच्या तोंडून बोलत होती.

"आणि इथं कागद संपला," नाना नवव्या पानावर हात आपटून म्हणाले. "कोंबडी सुटली, बसभर उडाली, आणि कंडक्टरच्या पिशवीवर जाऊन बसली. पुढे काय व्हस, काही पत्ता नही! कालपासून माझा जीव टांगणीला. मला वाटतं, ती पिशवीत अंडं घालते."

"नाही, अंडं नाही घालत," बाई पटकन म्हणाल्या.

"तुम्हांला काय माहीत?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. "कारण ते मी लिहिलंय, नाना."

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. मग पानांकडे. मग पुन्हा बाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास होता, आणि नंतर जे आलं ते बाईंना नीट ओळखता आलं, कारण त्याचीच त्यांना पाच महिने भीती वाटत होती.

"तुम्ही?" नाना सावकाश म्हणाले. "मना भूषण तिसरीत तुमच्या वर्गात होता. 'बठ्ठा पोरं आली' म्हणाला म्हणून तुम्ही त्याच्याकडून 'सगळी' हा शब्द पन्नास वेळा लिहून घेतला होतात. घरी येऊन त्याने आजीला सांगितलं, तू बोलस ते चुकीचं शे."

बाईंनी मान खाली घातली. भूषणचा तो चेहरा त्यांना आठवत नव्हता. आठवायला हवा होता. असे किती झाले असतील, शंभर, दोनशे? तेव्हा मनापासून वाटायचं की पोरांना पुढे अडायला नको, तालुक्याला, जिल्ह्याला गेल्यावर कोणी हसायला नको. आणि घरी आईशी बोलताना त्या स्वतः मात्र काय बोलायच्या?

"हो," त्या म्हणाल्या. "घेतलं होतं लिहून. मुलांचं भलं होईल असं वाटायचं. शुद्ध मराठी शिकवायला हवंच होतं, नाना, पण घरची बोली चूक आहे असं सांगायला नको होतं. ते चुकलं माझं. भूषणला मी स्वतः फोन करून सांगेन."

समोरून एक सायकल गेली. मग नानांच्या मिशा हलल्या.

"फोन करा. त्याला आवडेल. पण त्याआधी तुम्हांला शिक्षा. पुढची पानं आत्ता सांगायची, तोंडी, एकही शब्द न गाळता!"

आणि बाई सांगायला लागणार, एवढ्यात रिक्षा थांबली. किरण उतरली. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून माहेरच्या तुरीच्या शेंगा डोकावत होत्या. सासऱ्यांनी तिला दारातच विचारलं, "हे नाटक तू नाही लिहिलंस?"

"कुठलं नाटक, नाना? मला शिकवणीच्या मुलांची प्रश्नपत्रिका काढायला वेळ मिळत नाही!"

बाईंनी सगळं सांगितलं. खिट्टीपासून पिवळ्या पट्टीपर्यंत. ऐकता ऐकता किरण पिशव्यांसकट ओट्यावर बसली आणि हसायला लागली. "बाई, यादीत दोन नावं होती म्हणता? अहो, दुसरं नाव माझ्या प्रिंटरचं! माझाही याच जातीचा आहे, पासवर्डही तोच, मी बदललाच नाही. आणि तो ठेवलाय अगदी तुमच्या भिंतीला लागून. त्याच्या रेघा पूर्ण दिसणारच. तुमचा प्रिंटर कुठे ठेवलाय?"

"कोपऱ्यात, कपाटाच्या पलीकडे. लॅपटॉप मात्र तुमच्या भिंतीशी."

"मग झालं तर. माझ्या ट्रेमध्ये नऊच कागद होते. ते संपले तेव्हा तुमच्या लॅपटॉपने सांगितलं, कागद संपला. खरंच सांगितलं बिचाऱ्याने."

तिने आत जाऊन ट्रेमध्ये कागद भरले. नानाही मागोमाग गेले, आणि बाईही. तिघंही मशीनकडे बघत उभी राहिली. नाना विचारत होते, "आता दाबायचं काय?" आणि तेवढ्यात कोणी काही न दाबताच मशीन घरघरलं. पान दहा सरकत बाहेर आलं.

"अगंबाई!" किरण म्हणाली. "तिकडे कोण आहे?"

तिकडे होते पितांबरराव. बायको भाजीला गेली ती तासभर आली नाही, म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडून पुन्हा झटापट सुरू केली होती. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "दीपा! हा पुन्हा म्हणतोय छापलं! पान अकरा म्हणतोय! ट्रे तर हललासुद्धा नाही!"

"तुम्ही थांबा तसेच!" बाई भिंतीकडे तोंड करून ओरडल्या. "काही बंद करू नका!"

एकेक पान येत होतं आणि नाना ते गरम गरम उचलून वाचत होते. अकराव्या पानावर त्यांनी मांडीवर थाप मारली. तेराव्यावर बसून घेतलं. सोळावं, शेवटचं पान वाचून झाल्यावर त्यांनी ते नीट सारखं केलं आणि म्हणाले, "छान. पण एक चूक आहे. कुठलाही कंडक्टर उतारूला पुढच्या दाराने उतरा असं म्हणत नाही. तीस वर्षं म्हणत आलोय म्हणून सांगतो, मागच्या दाराने. दुरुस्त करा."

तेहतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेल्या बाईंनी पदरात खोचलेलं पेन काढलं आणि निमूटपणे 'पुढच्या' खोडून 'मागच्या' लिहिलं.

मग किरण बिऱ्हाड्यांकडे आली. तिने त्यांच्या प्रिंटरवरचं एक बटण तीन सेकंद दाबून धरलं, तेव्हा त्याने स्वतःचं नाव छापलेला एक कागद बाहेर टाकला. शेवटची तीन अक्षरं वेगळी होती. लॅपटॉपमधला जुना प्रिंटर काढून तिने या नावाचा जोडला, पासवर्ड बदलला, आणि बाईंना सगळं एकदा स्वतःच्या हाताने करायला लावलं. दोन दुरुस्त प्रती समोरच्या समोर निघाल्या. पितांबरराव एक प्रत घेऊन खिडकीपाशी बसले. लोणच्याची कृती वाचायच्या तयारीने बसलेला माणूस तिसऱ्या पानापर्यंत पोचला आणि चष्मा काढून बायकोकडे बघतच राहिला.

"हे तू लिहिलंस? माझ्या नकळत?"

"हो."

"सासूबाई अशाच बोलतात ग," ते म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले.

टपालाने ते शनिवारपर्यंत पोचलं नसतं, म्हणून शुक्रवारी सकाळच्या बसने पितांबरराव स्वतः जळगावला जाऊन पाकीट मंडळाच्या कचेरीत देऊन आले. त्याच संध्याकाळी बाईंनी भूषणला फोन केला. काय बोललं गेलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण फोन ठेवताना त्या अहिराणीत बोलत होत्या.

एकांकिका पहिल्या आठांत निवडली गेली. कंडक्टरचं काम रतिलाल नानांशिवाय दुसरं कोण करणार? सुपडाबाईचं काम बाईंनी स्वतः घ्यावं असा हट्ट किरण धरून बसल्यावर त्यांना ते घ्यावंच लागलं. महिनाभर नानांच्या ओट्यावर तालमी झाल्या. प्रयोगाच्या दिवशी जळगावच्या त्या सभागृहात नाना मधलं एक अख्खं पान विसरले, पण गडबडले नाहीत. प्रेक्षकांत उतरून पहिल्या रांगेला "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नही" असं खऱ्याखुऱ्या आवाजात सांगत सुटले. लोक खुर्च्यांसकट सरकले आणि हसून हसून बेजार झाले. बाईंनी स्टेजवर उभ्या उभ्या दोन नवीन वाक्यं रचली आणि गोष्ट रुळावर आणली.

बक्षीस काही मिळालं नाही. ते जामनेरच्या एका संघाला गेलं, आणि त्यांचं नाटक चांगलंही होतं, हे बाईंनी मान्य केलं. पण नंतर पडद्यामागे त्याच जामनेरच्या तीन बायका आल्या. त्यांतल्या सगळ्यांत थोराड बाईने दिपमालाबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अक्का, आमना गावले येशात का हाई नाटक कराले? बठ्ठा बाया गोळा करस मी."

बाईंनी त्यांच्या गावी प्रयोग करायला होकार दिला, तारीखही ठरवली.

परतीच्या बसमध्ये नाना आणि किरण मागच्या बाकावर झोपून गेले होते. पितांबरराव खिडकीशी होते. पारोळा मागे पडल्यावर ते म्हणाले, "आता पुढचं माझ्यावर लिही. पंपावरचा माणूस. बायको त्याचं काही ऐकत नाही."

"त्याला वाक्यं किती असतील?"

"भरपूर."

"मग ते नाटक खोटं वाटेल," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून वही काढून, बस हलत असतानाच, पहिली ओळ लिहायला लागल्या.